शिवलेली पानं

करजगीकर मास्तर रस्त्यानं सरळ चालत कधी गेले नाहीत. शाळा सुटली की आम्ही दोघं बरोबरच निघायचो. शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा, पण मास्तर बरोबर असले की तो तासभर पुरायचा. एखादा विणकर दारात सूत उकलत बसलेला दिसला की हे थांबलेच. "याला तुमच्यात काय म्हणतात हो?" तो तेलुगूत काहीतरी सांगायचा. मास्तर तो शब्द तीनदा म्हणून बघायचे, मग त्या माणसाचं नाव विचारायचे आणि वहीत आधी नाव लिहून मग शब्द लिहायचे. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अहो देशपांडे, शब्द कुठनं तरी आलेला असतो. कुठनं आला ते लिहिलं नाही तर आपण तो चोरला असं होतं."

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो, ते मराठी. त्यांचं गाव अक्कलकोटच्या बाजूचं. घरात कन्नड, दारात मराठी. अशी माणसं आमच्या सोलापुरात पैशाला पासरी, पण आपल्या तोंडात दोन भाषा आहेत याचं रोज नव्यानं नवल वाटणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. वर्गात रागावले की ते कन्नडमध्ये बोलायचे. मुलांना कळू नये हा हेतू. निम्म्या मुलांना नीट कळायचं, आणि ती उरलेल्या निम्म्यांना मधल्या सुट्टीत समजावून सांगायची.

सोमवारी त्यांच्या कोटाला मेंढरांचा वास यायचा. हेडमास्तरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या मित्राला जरा सुचवा. मी सुचवलं. मास्तरांनी कोटाची बाही नाकाशी धरली, मनापासून हुंगली आणि म्हणाले, "धुळाप्पाची मेंढरं. यंदा लोकर चांगली आहे." विषय संपला.

या धुळाप्पाविषयी सांगायला हवं. होटगीच्या पलीकडच्या माळावर त्याचा तळ असायचा. पन्नाशीचा धनगर, कानात बाळ्या, खांद्यावर घोंगडी, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता मेंढरांकडं बघायची सवय. मास्तर दर रविवारी सकाळी त्याच्याकडं जायचे. मेंढराच्या वयाला, रंगाला, कानाच्या ठेवणीला, चालीला धनगरांकडं वेगवेगळे शब्द होते. त्यातले कितीतरी धड मराठी नव्हते आणि धड कन्नडही नव्हते. मास्तरांचं म्हणणं असं, की या दोन भाषा कधीकाळी एकाच माळावर राहत होत्या, आणि त्याचा पुरावा पोथ्यांत नाही, धुळाप्पाच्या तोंडात आहे.

हे सगळं ते 'वेचणी' नावाच्या त्रैमासिकात छापत. त्रैमासिक त्यांनीच काढलेलं. ते आणि त्यांचे बालमित्र वामनराव या दोघांनी. वामनराव पुढं पुण्याच्या एका कॉलेजात प्रोफेसर झाले. 'वेचणी'चे नियम दोघांनी तरुणपणी मिळून केले होते आणि ते मुखपृष्ठाच्या आत छापलेले असायचे. लेख मराठीत असावा. ज्यानं माहिती दिली त्याचं नाव आणि गाव लेखाच्या माथ्यावर असावं, लेखकाचं खाली. आणि तिसरा नियम मास्तरांचा खास: ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापू नये.

हा तिसरा नियम ते कसा पाळत, ते मी एकदा पाहिलं आहे. एका रविवारी त्यांनी मलाही माळावर नेलं. प्रुफं हातात घेऊन मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले आणि वाचू लागले. धुळाप्पा काठीला टेकून उभा. रात्री मेंढरं ज्या दोरीच्या कुंपणात ठेवतात त्याला वाघर म्हणतात. मास्तरांनी लिहिलं होतं, 'वाघर म्हणजे जाळे.' धुळाप्पानं हात वर केला.

"मास्तर, ह्ये चुकलंया."

"का? दोरीचं विणलेलंच असतं की."

"आसंल की. पर जाळं माशाला आसतंय. जाळ्यात धरत्यात. वाघरंत राखत्यात."

मास्तरांनी प्रुफ मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू त्यांना मुलगाच झाला. परतीच्या वाटेवर ते वाक्य त्यांनी मला चारदा ऐकवलं. पुढच्या अंकात ते धुळाप्पाच्याच शब्दांत छापून आलं. तो अंक धुळाप्पा घोंगडीत गुंडाळून ठेवायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं आणि तो तिथं बोट ठेवून दाखवायचा.

'वेचणी' वाचणारे जेमतेम शंभर असतील. एकदा शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरांनी तिचे अंक चाळले आणि खरोखर कौतुक केलं. "हे इंग्रजीत लिहा. मी स्वतः लंडनला पाठवतो." मास्तर नम्रपणे म्हणाले, "साहेब, लंडनला धुळाप्पा राहत नाही." इन्स्पेक्टरांना धुळाप्पा म्हणजे कुणी मोठे विद्वान वाटले असावेत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

धुळाप्पानं मास्तरांना एक गोष्ट अशी सांगितली होती, जी धनगर परक्याला सांगत नाहीत. उन्हाळ्यात माळावर गवताची काडी उरत नसे. सरकारी कुरण मात्र हिरवं असे, आणि त्यात मेंढरू घालायला मनाई. तरी धनगर घालत. न घालून करतात काय? फॉरेस्टचा शिपाई दिसला की टेकाडावरचा माणूस हाक द्यायचा. हाका लग्नघरातल्या बोलण्यासारख्या असत. नवख्याला वाटावं, कुणी बाप्या पोरीच्या लग्नाचं काहीतरी ओरडतोय. शिपाई कुठल्या बाजूनं येतोय, मेंढरं कुठं काढायची, रान मोकळं झालं की नाही, सगळं त्या हाकांत. ते शब्द मला माहीत आहेत. मी ते इथं लिहीत नाही.

मास्तरांनी ते लिहून घेतले, कारण लिहून न घेणं त्यांच्यानं होत नसे. पण धुळाप्पाच्या समोरच त्यांनी वहीची ती चार पानं दुमडली, त्याच्याकडून दाभण आणि काळ्या लोकरीचा धागा मागून घेतला आणि पानांच्या कडा शिवून टाकल्या. "आपण दोघं गेल्यावर बघू," म्हणाले. धुळाप्पा हसला. "तुमी आदी गेला तर?" "तर ही वही तुमची."

वामनराव दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला यायचे. देखणा माणूस, आवाज गोड, आणि मास्तरांना 'अरे दत्तू' म्हणणारा जगातला एकटा. त्या वर्षी त्यांनी ती वही मागितली. मेंढरांचे शब्द एकत्र लावून बघायचे होते त्यांना. मास्तरांनी दिली. शिवलेल्या पानांचं कारण सांगितलं आणि दिली. जन्माच्या मित्राला वही देताना कुणी विचार करत नाही.

आता माझा भाग. तो टाळून पुढं जाता येत नाही.

सुट्टी संपायच्या आत वामनराव माझ्या घरी आले. हातात इंग्रजी मजकुराचे कागद. "देशपांडे, तुमचं इंग्रजी सोलापुरात वाया जातंय. जरा हात फिरवता का यावर?" मी फुललो. गावात मला इंग्रजीबद्दल कुणी असं म्हटलं नव्हतं. दोन दिवस बसून मी तो लेख घासूनपुसून लखलखीत केला. धनगरांचे शब्द होते, मास्तरांची सगळी उपपत्ती होती, आणि शेवटी काही हाकांची यादी होती. लग्नाच्या बोलण्यासारख्या हाका. मला शिवलेल्या पानांची गोष्ट माहीत होती. मला शंका आली. मी एवढंच विचारलं, "करजगीकरांना हे माहीत आहे ना?"

"म्हणजे काय! दोघांच्या नावावर जाणार आहे लेख."

मला पटलं. किंवा पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. रोज संध्याकाळी मास्तरांबरोबर चालत असताना मी त्यांना हे विचारू शकलो असतो. विचारलं नाही.

वही टपालानं परत आली. शिवलेली पानं शिवलेलीच होती, पण धागा पांढरा होता. बरोबर चिठ्ठी: 'जुना धागा कुजून तुटला, म्हणून पुन्हा शिवून घेतले.' मास्तरांनी मला ती दाखवली. "वामन फार काळजीचा माणूस," म्हणाले.

पुढच्या चैत्रातली गोष्ट. आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. दुपारची वेळ. दारात धुळाप्पा उभा राहिला. शाळेत तो पहिल्यांदाच आला होता. अंगावर घोंगडी नव्हती.

"या की धुळाप्पा, बसा." मास्तर उठलेच.

तो बसला नाही. "मास्तर, टेकाडावनं हाक आली. रान मोकळं हाय म्हनून. म्या मेंढरं आत घातली. आत फॉरेस्टचं शिपाई हुबं." तो थांबला. "हाक आमच्या मानसाची नव्हती. शिपायानं दिली व्हती."

मास्तरांनी आपली खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"समदी मेंढरं कोंडवाड्यात घातली. दोन दीस. सावली न्हाय, पानी न्हाय. नऊ कोकरं मेली. आमच्यातलं कुणी बोललं नसंल, मास्तर. म्या समद्यांस्नी बिरोबाची आन घालून इचारलं. मंग तुमास्नी इचारायला आलो."

मास्तर म्हणाले, "मी कुणाला सांगितलं नाही." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांना वही आठवली असावी. पांढरा धागा आठवला असावा. मी खिडकीकडं बघत होतो.

त्याच दिवशी आम्ही फॉरेस्टच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून आमचा जुना विद्यार्थी. त्यानं घाबरत घाबरत साहेबाच्या टेबलावरचं एक जाड इंग्रजी नियतकालिक आणून दाखवलं. साहेबाला अशी नियतकालिकं वाचायचा छंद होता. हाकांच्या यादीवर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. साहेबानं ती यादी मराठीत उतरवून घेतली होती आणि शिपायांकडून पाठ करून घेतली होती.

मास्तरांनी उभ्या उभ्या सगळा लेख वाचला. लेखकाचं नाव एकच होतं. तळटिपेत एक ओळ होती: सोलापूरच्या एका शाळामास्तरानं काही किरकोळ मदत केली, त्याबद्दल आभार. धुळाप्पाचं नाव कुठं नव्हतं. 'एका अशिक्षित मेंढपाळाकडून' असं होतं. तो शब्द मीच बदलून घातला होता. मुळात वामनरावांनी 'अडाणी' या अर्थाचा शब्द लिहिला होता, मला तो कठोर वाटला होता.

मास्तरांनी कारकुनाला विचारलं, "हा अंक मला रविवारपर्यंत देतोस?" त्यानं दिला.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मला जायचं नव्हतं, पण न जाण्याचं कारण सांगता आलं नाही. धुळाप्पा नेहमीच्या जागी होता. त्याच्या बायकोनं आमच्याकडं पाठ केली. मास्तर नेहमीसारखे जमिनीवर बसले, तो अंक उघडला आणि म्हणाले, "धुळाप्पा, हे तुमच्यावर छापलंय. तुम्हाला वाचून न दाखवता छापलंय. मी आता वाचून दाखवतो."

आणि त्यांनी तो अख्खा इंग्रजी लेख वाक्यावाक्यानं मराठी करत वाचला. काही गाळलं नाही. हाकाही वाचल्या. तळटीपही. 'अशिक्षित मेंढपाळ' आला तेव्हा त्यांचा आवाज थांबला, मग त्यांनी तेही वाचलं. ऊन चढलं होतं. धुळाप्पा काठीला टेकून ऐकत होता. एकदाही त्यानं हात वर केला नाही.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "समदं बरूबर हाय. एक बी शब्द चुकला न्हाय." मग पहिल्यांदाच मेंढरांवरची नजर काढून त्यानं सरळ मास्तरांकडं पाहिलं. "मास्तर, तुमी लबाड न्हाय, ह्ये मला कळतंय. पर आता हितं येऊ नगा."

मास्तर उठले, हात जोडले आणि चालू लागले.

त्या नियतकालिकाला त्यांनी एक पत्र लिहिलं. आयुष्यात इंग्रजीत लिहिलेलं त्यांचं ते एकच लिखाण. मला तपासायला दिलं नाही. आम्ही चालताना सहज म्हणून मी विचारलं, "मी बघू का एकदा?" तर म्हणाले, "नको. चुका असू देत. माझ्या आहेत." ते पत्र छापलं गेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वामनरावांचं सोलापुरात व्याख्यान झालं. त्या लेखानं त्यांचं मोठं नाव झालं होतं. सभागृह भरलेलं, सगळी मराठी माणसं, आणि व्याख्यान इंग्रजीत. मास्तर दुसऱ्या रांगेत बसले होते. संपल्यावर व्हरांड्यात वामनराव स्वतःच त्यांच्याकडं आले. मी चार हातांवर होतो.

"दत्तू, तू रागावलायस. तुझं नाव राहून गेलं, चुकलं माझं. पुढच्या लेखात घालतो."

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली.

"पण तूच सांग, 'वेचणी'त आपण इतकी वर्षं लिहिलं, काय झालं? कुणी वाचलं? आज जर्मनीतून मला पत्रं येतात त्या शब्दांवर. कॉलेजात आता मराठी लेखाला कुणी लेख म्हणत नाही रे. मराठीत लिहिणं म्हणजे विहिरीत बोलणं. मी तुझं काम विहिरीतून बाहेर काढलं. नाहीतर ते जगलं नसतं."

त्यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. आमच्याच शाळेतले दोन तरुण शिक्षक वामनरावांच्या मागं उभे होते आणि माना डोलावत होते.

मास्तर म्हणाले, "भाषा तुझी तू निवड, वामन. ते मला सलत नाही. पण तू त्याचं त्याच्याकडनं घेतलंस आणि अशा भाषेत नेलंस, की तुझं चुकलं म्हणून सांगायला तो येऊच शकणार नाही. ज्याच्या हातात दंडुका आहे, त्यालाच तेवढं वाचता आलं."

"अरे, पण कोणाचं? कोण तो?"

"धुळाप्पा."

"धुळाप्पा कोण?" वामनरावांनी खरंच विचारलं. त्यात नाटक नव्हतं. 'वेचणी'च्या सात-आठ अंकांत लेखाच्या माथ्यावर ते नाव होतं, आणि नावं माथ्यावर घालायचा नियम या दोघांनी मिळून केला होता.

मास्तरांनी मित्राकडं असं बघितलं, जसं ओळखीच्या दारावर टकटक केल्यावर अनोळखी माणसानं दार उघडलं की आपण बघतो. मग "बरं आहे" म्हणून पायऱ्या उतरले. पुन्हा ते दोघं भेटल्याचं माझ्या माहितीत नाही.

'वेचणी'चा शेवटचा अंक एकाच पानाचा निघाला. माथ्यावर धुळाप्पाचं नाव आणि गाव. खाली दोन वाक्यं: 'यांनी विश्वासाने सांगितलेले मी राखू शकलो नाही. त्यांची क्षमा मागतो.' आणि तळाशी स्वतःचं नाव. मी विचारलं, हे तुम्ही कशाला अंगावर घेता? म्हणाले, "वही माझ्या हातून गेली." बस्स.

त्यानंतर त्यांनी काही छापलं नाही. शाळेत शिकवत राहिले, पेन्शनीपर्यंत. आम्ही रोज बरोबर चालत होतो. रस्ता आता दहा मिनिटांत संपायचा. आमच्या शाळेतल्या त्या दोन तरुणांचे लेख इंग्रजीत छापून येऊ लागले, आणि ते मला तपासायला द्यायचे. मी तपासून द्यायचो.

पेन्शन झाल्यावर मास्तर गावी गेले. दोनेक वर्षांनी विजापूरला एका लग्नाला जाताना मी गाडी बदलायला होटगीला उतरलो, तर फलाटावर मास्तर. थकले होते. आम्ही बाकावर बसलो. मुलाबाळांची चौकशी झाली. माझ्या मनात सहा वर्षं जे साचलं होतं ते मी एकदाचं बोलून टाकलं. तो लेख मी तपासला होता. यादी मी पाहिली होती. मला शंका आली होती.

मास्तर रुळांकडं बघत होते. म्हणाले, "माहीत होतं."

"कधीपासून?"

"कचेरीत वाचला तेव्हापासून. वामन लहानपणापासून इंग्रजीत नामाआधीचा 'द' चुकवतो. कुठं घालायचा, कुठं नाही, त्याला कधी जमलं नाही. त्या लेखात प्रत्येक 'द' जागच्या जागी होता. सोलापुरात असं लिहिणारा माणूस एकच."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं रोज माझ्याबरोबर चालत होता ते?"

"तुम्ही सांगाल म्हणून," ते म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगतील."

गाडी आली. त्यांना मधल्या एका खेड्यात जायचं होतं. मी त्यांचं गाठोडं उचलायला वाकलो, पण ते त्यांनी आधीच उचललं होतं. ते थर्ड क्लासकडं गेले, मी पुढच्या डब्याकडं. जाता जाता मी मागं वळून पाहिलं. ते खिडकीशी बसले होते आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईशी कन्नडमध्ये बोलत होते. ती काहीतरी सांगत होती आणि ते पूर्वीसारखे मान पुढं काढून ऐकत होते. त्यांना मी दिसलो. त्यांनी मला ओळखलं. मग ते पुन्हा त्या बाईकडं वळले आणि त्यांनी तिला तिचं नाव विचारलं.